जेसीबी येण्याआधी: घाटमाथ्यावरच्या घराची बाग

(दृश्य: तांबडा उतार, झाडांभोवती ताणलेली दोरी)

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. दिवाळीनंतर जमीन कोरडी ठणठणीत. म्हणून इथं कुठली झाडं लावायची, हे नंतर. जुलैचं पाणी कुठून उतरणार, हे आधी.

प्लॉटवर जांभूळ, अंजनी, हिरडा, गेळा उभे असतील, तर त्यांच्या फांद्यांच्या घेराबाहेरून दोरी बांधा. यंत्र आत शिरलं की मुळांवरची माती दबते. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी वाळतं; तोवर जेसीबी कुणाच्या लक्षातही नसतो.

जांभ्या दगडावरची माती जेमतेम वीतभर. ती आधी खरवडून, कंबरेएवढे ढीग करून ताडपत्रीखाली ठेवा. सोनकीचं, तेरड्याचं, गवताचं बी तिच्यातच आहे. बहुतेक ठिकाणी ही माती भरावात जाते आणि मग बाहेरून ट्रक मागवतात. त्या मातीतून रानमोडीचं तण फुकटात येतं.

(दृश्य: पाण्यानं भरलेला खड्डा, जवळून)

कडक मुरमात खणलेला 2 फुटी खड्डा म्हणजे हौदच. मे महिन्यात त्यात दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी ते तसंच दिसलं, तर उताराकडची कड फोडून वीतभर रुंद चर काढा. हा चर काढायचा राहिला की जुलैअखेर पानं पिवळी पडतात, लोक खत घालतात, आणि रोप उपटलं की हातात काळी, कुजक्या वासाची मुळं येतात. रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंचच बसवा.

रोपं 2-3 फुटांचीच घ्या. 8 फुटी रोप इथल्या वाऱ्यात टिकत नाही. पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल, तर खालचा बोटभर भाग कापून टाका. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला पुढं करवंद आणि अंजनी, त्यांच्या आडोशाला जांभूळ, पिसा. भिंतीपासून 20 फुटांच्या आत मोठं झाड नको.

खोदलेल्या उतारावर सगळ्यांना कारवी हवी असते. माती ती छान धरते, पण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी देते आणि अख्खा ताटवा एकदम मरतो. त्या उन्हाळ्यात घरामागं सरपणच उभं असतं! म्हणून कारवी एक तृतीयांश, बाकी धायटी आणि करवंद, 3-3 फुटांवर, ओळी एकमेकींना चुकवून.

पहिल्या उन्हाळ्यात झाडांच्या रोपाला आठवड्याला 10-15 लिटर पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा. तिसऱ्या वर्षी नळी गुंडाळून ठेवा.

वणव्यासाठी डिसेंबरातच कुंपणालगत 10 फुटांचा पट्टा साफ करा. कापलेलं गवत जाळू नका, रोपांभोवती अंथरा. खोडापासून मात्र चार बोटं लांब. टेकलं की वाळवी चढते.