कंपनी गप्प बसते तेव्हा

पत्रिकेवर 'शेअर-हस्तांतरणाच्या नोंदणीचे वाद' असा प्रशस्त विषय छापला असला, तरी त्यातली एकच गोष्ट गेली कित्येक वर्षे माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे आणि ती आज आपल्यासमोर मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ती गोष्ट म्हणजे शेअर्स विकत घेणाऱ्याचे नाव सभासदांच्या नोंदवहीत चढवायचे की नाही, यावर कंपनीचे मौन. नकार देणारी कंपनी निदान भांडते तरी. काहीच न बोलणारी कंपनी समोरच्या माणसाची अपिलाची मुदत निमूटपणे खाऊन टाकते. संचालकांचे अधिकार, आर्टिकल्समधले (म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीतले) निर्बंध आणि नोंदवहीची दुरुस्ती हे विषय शेवटी घेईन, असे मी आयोजकांना कबूल केले आहे.

माझे एक अशील अत्यंत सज्जन होते. त्यांनी आपल्या चुलतभावाकडून एका खासगी कंपनीतले शेअर्स विकत घेतले. शेअर-हस्तांतरणाचा एसएच-4 नमुना नीट भरला, मुद्रांक लावून ते पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून रद्द केले, मूळ प्रमाणपत्र जोडले आणि दोघांनी सह्या केल्यापासून साठ दिवसांच्या आत सारे कागद कंपनीत नेऊन दिले. पोचपावतीवर निळा शिक्का उमटला होता आणि खाली कुणाची तरी अर्धवट सही होती. हिशेबनीस म्हणाले, "पुढच्या मीटिंगला विषय घेतो." ती मीटिंग काही होईना. आमच्या सज्जनांनी दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे चार स्मरणपत्रे लिहिली आणि प्रत्येकाचा शेवट 'कळावे, लोभ असावा' असा केला. ते माझ्याकडे आले तेव्हा कागद देऊन चौऱ्याहत्तर दिवस झाले होते. "नकार आलेला नाही, म्हणजे प्रकरण अजून जिवंत आहे ना?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी बोटांवर दिवस मोजले आणि त्यांना आधी चहा दिला. (आपल्यापैकी वकील मंडळी हसली, ज्यांचे शेअर्स अडकले आहेत ती हसली नाहीत, हे माझ्या लक्षात आले आहे.)

2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 58 असे सांगते की, नोंदणी नाकारायची असेल तर कंपनीने कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत कारणांसह तशी नोटीस पाठवावी. खासगी कंपनीची नोटीस हाती पडली, की खरेदीदाराला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अपील करायला तीस दिवस मिळतात. नोटीस आलीच नाही तर कागद दिल्याच्या तारखेपासून साठ दिवस मिळतात. म्हणजे कंपनी गप्प बसली तरी घड्याळ चालूच राहते, आणि ते कंपनीचे नव्हे, तर आपले घड्याळ असते. सार्वजनिक (म्हणजे पब्लिक लिमिटेड) कंपनीत नकारानंतर साठ आणि मौनानंतर नव्वद दिवस आहेत. हिशेब वेगळा असला तरी सापळा तोच. जुन्या 1956 च्या कायद्यात नकार कळवायला कंपनीला दोन महिने होते. नव्या कायद्याने ते अर्ध्यावर आणले आणि आम्हाला वाटले की आता मौन संपेल, पण ते केवळ लवकर सुरू होऊ लागले.

आता मौनाचा खरा फायदा पाहा. कारण लिहिले की ते तपासता येते. 'बजाज ऑटो विरुद्ध एन. के. फिरोदिया' या 1970 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आर्टिकल्सनी संचालकांना संपूर्ण स्वेच्छाधिकार दिला असला, तरी तो सद्भावनेने आणि कंपनीच्या हितासाठीच वापरला पाहिजे. लेखी कारण म्हणजे संचालकांनी स्वतःच्या हाताने दिलेला पुरावा, आणि हुशार संचालक तो देत नाहीत.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा कबूल केलेले आता धावतपळत सांगतो. घरातल्या दोन शाखांनी 'शेअर्स बाहेर विकायचे नाहीत' असा करार केला, पण तो आर्टिकल्समध्ये घातला नाही, तर तो कंपनीवर बंधनकारक नसतो, असे 'रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ठरवले. सार्वजनिक कंपनीपुरते मात्र नव्या कायद्याने असे करार अंमलात आणण्याजोगे मानले आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या कागदी शेअर्सचे हस्तांतरण सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, 1 एप्रिल 2019 पासून बंद केल्यामुळे हे वाद आता मुख्यतः खासगी कंपन्यांत उरले आहेत.

अपिलाची मुदत हुकली, तर कलम 59 खाली नोंदवहीच्या दुरुस्तीचा अर्ज करता येतो, कारण नोंद करण्यात कसूर किंवा अनावश्यक विलंब झाला तरी ते कलम लागू होते. मात्र मालकीचाच गुंतागुंतीचा वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते, ही 1998 च्या 'अमोनिया सप्लाईज' निकालाची आठवण कंपनीचा वकील हमखास करून देतो. फसवणूक उघड दिसत असताना ही ढाल चालत नाही, हे 2018 च्या 'आदेश कौर विरुद्ध आयशर मोटर्स' प्रकरणात स्पष्ट झाले.

आमच्या सज्जनांनी कलम 59 चाच मार्ग धरला आणि सुनावणी रंगात येण्यापूर्वीच समझोत्याने त्यांचे नाव नोंदवहीत चढले. विलंब अनावश्यक होता हे दाखवायला आम्ही पहिला कागद लावला तो त्यांच्या तिसऱ्या स्मरणपत्राची प्रत, ज्यावर त्याच निळ्या शिक्क्याखाली तीच अर्धवट सही होती.