फेब्रुवारीतले तीनशे रुपये

पडद्यावर दिसते आहे ते मुंबईतल्या एका नोकरदाराचे फेब्रुवारी महिन्याचे पगारपत्रक. व्यवसाय करापोटी एरवी दरमहा २०० रुपये कापले जातात, या महिन्यात मात्र ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि हे ३०० मिळून वर्षाचे २,५०० होतात, आणि त्यापुढे राज्य सरकारला एक रुपयाही वाढवता येत नाही, कारण ही कमाल रक्कम संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्येच लिहून ठेवलेली आहे. आरंभी ती २५० रुपये होती. १९८८ च्या ६०व्या घटनादुरुस्तीने दसपट झाली. महाराष्ट्राने १९७५ साली हा कर लावला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पैशातून दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून. हेतू इतका चांगला असूनही मर्यादेतून सूट मिळाली नाही, आणि ते योग्यच झाले.

तिजोरीत पैसा जमा झाला म्हणून तो मंत्रिमंडळाला मनाप्रमाणे खर्च करता येत नाही. राज्याच्या एकत्रित निधीतून रक्कम काढायची, तर विधानसभेत खात्यांच्या खर्चाच्या मागण्या मंजूर व्हाव्या लागतात, ती रक्कम काढण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक संमत व्हावे लागते, आणि ३१ मार्चला त्या मंजुरीची मुदत संपते. रक्कम अपुरी पडली, तर पुरवणी मागण्या घेऊन पुन्हा सभागृहासमोर उभे राहावे लागते. मात्र मंजुरीपेक्षा अधिक झालेला खर्च अनुच्छेद २०५ नुसार मागाहून नियमित करून घेता येतो, आणि या व्यवस्थेचा कच्चा दुवा आम्हाला इथेच दिसतो. पैसे खर्च होऊन गेल्यावर दिलेल्या संमतीने कोणाचाही हात अडत नाही.

कर आणि खर्चाप्रमाणे सत्तेच्या काळालाही संविधानाने मर्यादा घातली आहे, पण हे मुदतीचे बंधन मुख्यमंत्र्यावर नाही, विधानसभेवर आहे. म्हणूनच वसंतराव नाईक सलग ११ वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहू शकले, पण त्या काळात १९६७ आणि १९७२ अशा दोन निवडणुकांना त्यांच्या पक्षाला सामोरे जावेच लागले. अनुच्छेद १७२ ने विधानसभेला दिलेली पाच वर्षांची मुदत आणीबाणीच्या काळात, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांची केली, आणि तीही आधीच निवडून आलेल्या सभागृहांना लागू करून. १९७२ च्या मार्चमध्ये पाच वर्षांसाठी मत दिलेल्या महाराष्ट्रातल्या मतदाराला पुढच्या मतदानासाठी फेब्रुवारी १९७८ उजाडण्याची वाट पाहावी लागली. ४४व्या घटनादुरुस्तीने पाचाचा आकडा संविधानात परत आणला, तो आजही तिथे आहे.