सोबतीला एक माणूस

[दृश्य : पहाट. स्वयंपाकघराची खिडकी. लाकडी पाटावर निवडुंगाची हिरवी फडी. सुरीचा खरखर आवाज.]

निवेदन :

फड्या निवडुंग. आपल्याकडे तो शेताच्या कुंपणाला असतो, फार तर त्याची लाल बोंडं खाऊन पोरं जीभ रंगवतात. इथे, अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीवर, त्याची भाजी होते. नाव नोपाल.

फडं देठाकडून धरायचं. सुरी आडवी फिरवत काट्यांचे डोळे उडवायचे. कडा कापून टाकायच्या. पट्ट्या चिरून उकळत्या पाण्यात सोडल्या की भेंडीसारखी तार सुटते. ती तार जाईपर्यंत उकळायचं आणि पाणी ओतून द्यायचं. मग कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, आणि वर दोन अंडी फोडून.

ही आजी रोज सकाळी हे करते. कारण विचारलं की म्हणते, "तेंगो आसुकार." माझ्यात साखर आहे. आपल्याकडे कुणी "मला शुगर आहे" म्हणतं, तितक्याच सहज.

[दृश्य : ड्रोनमधून नदी. अलीकडे टेक्सास, पलीकडे मेक्सिको.]

हा टेक्सासचा दक्षिण टोकाचा स्टार परगणा. गाव रिओ ग्रांदे सिटी. नदी ओलांडली की मेक्सिको. परगण्याची वस्ती जेमतेम 66 हजार, आणि त्यातले शंभरातले पंच्याण्णवांहून जास्त लोक लॅटिनो, म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेकडचे, बहुतेक मेक्सिकन वंशाचे. वैद्यकशास्त्राच्या नकाशावर मात्र हा कोपरा मोठा आहे. मधुमेह घराण्यांत कसा उतरतो हे पाहायला संशोधक 1981 पासून इथे येतायत.

अमेरिकेतल्या कुठल्याही प्रौढ माणसाला आयुष्यात कधी ना कधी दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याची शक्यता शंभरात चाळीस. लॅटिनो असेल तर पन्नासाच्या वर. म्हणजे घरात आईवडील दोघं असतील, तर त्यांतल्या एकाला होणार असं धरूनच चालायचं.

[दृश्य : आजी टेबलापाशी. बोटाला सुई. पट्टीवर रक्ताचा थेंब. यंत्रावरचा आकडा आपल्याला दिसत नाही.]

तिला हा आजार कशाने झाला? डॉक्टर म्हणतात वजन, वय, आनुवंशिकता. ती म्हणते, सुस्तो.

सुस्तो म्हणजे धसका. मराठीत याहून नेमका शब्द सापडणार नाही. कुणाचा अपघात पाहिला, कुणी गेल्याचा फोन आला, सरहद्दीवर पोलिसांनी अडवलं, आणि त्या दिवसापासून साखर सुरू झाली. मेक्सिकन घरांत हे कारण इतकं सर्रास सांगितलं जातं की आरोग्य-संशोधकांनी त्यावर कितीतरी निबंध लिहिलेत. ऐकून हसणारे डॉक्टर आहेत. पण मानसिक ताणाने रक्तातली साखर चढते, हे त्याच डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. धसक्याने आजार निर्माण झाला नसेल, पण त्याचा हिशेब ठेवायला सुरुवात तिथूनच होते. ज्याला पेशंटकडून काही ऐकायचंय त्याने धसक्याची गोष्ट आधी ऐकावी.

दुसरी एक समजूत जास्त महागात पडते : इन्शुलिनने माणूस आंधळा होतो. ही समजूत मूर्खपणातून आलेली नाही, डोळ्यांनी पाहिलेल्यावरून आली आहे. काकाला इन्शुलिन लागलं आणि वर्षभरात त्याची दृष्टी गेली. फक्त क्रम उलटा लागला. काकाने सुई इतकी वर्षं टाळली की ती सुरू होईपर्यंत डोळ्यांच्या पडद्याची नासाडी झालेलीच होती.

[दृश्य : प्रयोगशाळेतली छायाचित्रं. मग वाळवंट, ज्वारीच्या ताटांसारखी मक्याची रांग.]

रक्ताचाही भाग आहेच. मेक्सिकन आणि इतर लॅटिन अमेरिकी माणसांच्या आठ हजारांवर नमुन्यांचा अभ्यास झाला, तेव्हा एका जनुकाचं असं रूप सापडलं की ज्याने मधुमेहाचा धोका वाढतो. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत ते निम्म्याच्या आसपास प्रमाणात आढळतं, युरोपात क्वचित. गंमत म्हणजे ते आपल्याकडे निअँडरथलांकडून, नामशेष झालेल्या मानवजातीकडून आलेलं.

पण रक्त म्हणजे ललाटरेषा नव्हे. पिमा नावाची एक जमात आहे. तिचे काही लोक ॲरिझोनात राहतात, काही मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा गावी. रक्ताचं नातं जवळचं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनातल्या पिमांमध्ये मधुमेह 38 टक्के निघाला, आणि डोंगरातल्या, शेतात राबणाऱ्या पिमांमध्ये सात टक्क्यांच्या आत.

जनुक तेच, पण जगणं निराळं. जगणं म्हणजे मुख्यतः घाम आणि ताट.

[दृश्य : रविवार दुपार. लांब टेबल. तीन पिढ्या. तव्यावर तोर्तिया फुगतेय.]

तर ताटाकडे येऊ.

मूळची तोर्तिया मक्याची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, सालं चोळून काढायची, वाटायचा. त्या उंड्याला म्हणतात मासा आणि तव्याला कोमाल. भाकरी थापणाऱ्या बाईला यातलं काहीच परकं वाटणार नाही. मेक्सिकोत मक्यावर काम केलेला एक माणूस तर आपलाच होता : वर्ध्याकडचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे. परागंदा होऊन तिथे पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं. तिथले नामवंत चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. असो, विषय तोर्तियाचा.

सरहद्दीच्या या पट्ट्यात मैद्याची तोर्तिया जास्त चालते, आणि चांगली व्हायची तर तिच्यात डुकराची चरबी हवी. मक्याच्या छोट्या तोर्तियात साधारण बारा ग्रॅम कर्बोदकं, मैद्याच्या मोठीत जवळपास तिप्पट. सोबत भात, चरबीत परतलेली बीन्स, आणि थंड पेयाचा डबा. त्या एका डब्यात 39 ग्रॅम साखर, म्हणजे नऊ-दहा चमचे.

डॉक्टरांनी आजीला कागद दिलाय. काय खायचं, काय नाही. कागद स्पॅनिशमध्येही आहे. पण तो एकट्या आजीसाठी आहे, आणि टेबलावर माणसं अकरा. स्वयंपाक तीच करते. स्वतःसाठी वेगळं भांडं चढवणं तिला जमणार नाही. वेळेची अडचण नाही, लाजेची आहे. घरात आपण एकट्याने वेगळं जेवायचं म्हणजे आपण आजारी, म्हणजे आपण ओझं.

आणि ती जेवते कधी ते बघा. सगळ्यांना वाढून झाल्यावर, सिंकपाशी, उभ्याने. नातवाने टाकलेली अर्धी तोर्तिया, सुनेच्या ताटातला भात. अन्न टाकायचं नाही ना. हे उरलंसुरलं आहारतज्ज्ञांच्या कुठल्याही तक्त्यात बसत नाही, कारण तिच्या लेखी ती अजून जेवलेलीच नसते.

लॅटिनो कुटुंबांबद्दल बोलताना एक शब्द हमखास येतो, फामिलिस्मो. कुटुंब आधी, आपण नंतर. आरोग्य कार्यक्रमांच्या पुस्तिकांत त्याचं फार कौतुक असतं. मला वाटतं, कौतुक जरा हात राखून करावं. ज्या कुटुंबापायी ती गोळी वेळेवर घेते, त्याच कुटुंबापायी ती पायाची जखम महिनाभर लपवते.

[दृश्य : शाळेची खोली, संध्याकाळ. घडीच्या खुर्च्या. जोडीजोडीने बसलेली माणसं.]

स्टार परगण्यात या कोड्यावर एक उपाय करून पाहिला गेला. टेक्सास विद्यापीठाच्या परिचर्या विभागातल्या शॅरन ब्राउन आणि आनुवंशिकीचे अभ्यासक क्रेग हॅनिस यांच्या चमूने मधुमेह असलेल्या 256 जणांना घेतलं. शिकवणाऱ्या परिचारिका, आहारतज्ज्ञ, कार्यकर्त्या सगळ्या मेक्सिकन-अमेरिकन, दोन्ही भाषा बोलणाऱ्या. वर्षभरात 52 तास. आधी दर आठवड्याला वर्ग, मग हळूहळू विरळ होत जाणाऱ्या बैठका.

आणि एक अट : एकट्याने यायचं नाही. नवरा, बायको, मुलगी, शेजारीण, कुणीतरी सोबतीला आणायचं.

ही अट मला सगळ्यांत शहाणी वाटते. सोबत आलेल्या माणसाचं नाव केसपेपरवर नसतं, पण बाजाराची पिशवी अनेकदा त्याच्या हातात असते. आणि रक्ताचा नातेवाईक असेल तर पुढचा नंबर त्याचाही असू शकतो.

सहा महिन्यांनी तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीए1सी चाचणी. वर्गाला आलेल्यांचा आकडा न आलेल्यांपेक्षा 1.4 ने कमी. एखाद्या चांगल्या गोळीने जेवढा फरक पडावा, तेवढा. ही बातमी 2002 मध्ये छापून आली.

पण त्याच निबंधातलं पुढचं वाक्यही वाचायला हवं. एवढं होऊनही वर्गातल्या लोकांची सरासरी दहाच्या वरच होती. उद्दिष्ट असतं सातच्या आसपास. दहा म्हणजे दिवसरात्र अंगात सरासरी 240 साखर खेळवत चालणं. म्हणजे ही माणसं वर्गात आली तेव्हा कुठून आली होती, याचा अंदाज करा.

[दृश्य : पूल. नाणं टाकून फिरत्या दांड्यातून जाणारी माणसं. पलीकडे औषधांच्या दुकानांच्या पाट्या.]

कुठून आली होती ते इथे दिसतं. स्टारच्या पूर्वेला, नदीच्या खालच्या अंगाला प्रोग्रेसो. पूल पायी ओलांडला की मेक्सिकोतलं नुएवो प्रोग्रेसो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना औषधांची दुकानं आणि दंतवैद्य. ज्यांची कागदपत्रं पक्की आहेत ते पलीकडून स्वस्तात गोळ्या आणतात. ज्यांची नाहीत त्यांना हा पूल ओलांडता येत नाही. ओलांडला तर परतता येत नाही.

आरोग्य विमा नसलेल्यांचं प्रमाण अमेरिकेत सगळ्यांत जास्त टेक्सासमध्ये, आणि लोकगटांत लॅटिनो वरच्या रांगेत. गरिबांसाठीची सरकारी वैद्यकीय योजना वाढवायची संधी 2010 च्या कायद्याने राज्यांना दिली. टेक्सासने ती घेतली नाही. उरतात ती उत्पन्न बघून फी घेणारी सामुदायिक दवाखान्यांची केंद्रं. शेतमजुरांच्या दवाखान्यांना केंद्र सरकारचा पैसा 1962 च्या कायद्यापासून मिळतोय, ते एक बरं.

[दृश्य : कच्चा रस्ता. पत्र्याचं घर. भुंकणारी कुत्री. हातात फाइल घेतलेली बाई फाटकाशी.]

ही प्रोमोतोरा. आपली आशाताई डोळ्यांसमोर आणा, म्हणजे फार सांगावं लागणार नाही. गल्लीतलीच बाई, थोडं प्रशिक्षण, आणि सगळ्या दारांत ओळख. ती आत गेली की आधी कॉफी होते, मग मुलांची चौकशी, साखरेचा विषय विसाव्या मिनिटाला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं वेळ चाललाय. पण त्या वीस मिनिटांत तिने फ्रीजच्या वरची गोळ्यांची बाटली पाहिलेली असते, आणि ती महिनाभर तितकीच भरलेली आहे हेही.

डॉक्टरांनी लिहिलंय, रोज अर्धा तास चाला. ही वस्ती कोलोनिया, शहराच्या हद्दीबाहेर तुकडे पाडून विकलेली जमीन. अशा वस्त्यांत कित्येक ठिकाणी फुटपाथ नाही, दिवे नाहीत, मोकाट कुत्री आहेत. अर्धा तास कुठे चालायचं? प्रोमोतोरा चार बायकांना एकत्र करते आणि चर्चच्या आवारात फेऱ्या घालायला लावते. पाचवी काठी घेऊन येते, कुत्र्यांसाठी.

[दृश्य : दवाखाना. डॉक्टर, आजी आणि मध्ये बसलेली मुलगी.]

एक गोष्ट प्रोमोतोराला मुळीच आवडत नाही : नातवंडांना दुभाषी करणं. दहा वर्षांच्या मुलीने आजीला कसं सांगायचं, की डॉक्टर म्हणतायत अंगठा कापावा लागेल? मुलगी सांगते, "औषध लावायला सांगितलंय." 2016 च्या केंद्रीय नियमाने अल्पवयीन मुलांना असं वापरायला, तातडीचा प्रसंग वगळता, बंदी घातली.

[दृश्य : न्यूयॉर्क, ब्राँक्सचा रस्ता. मग मायामी, शिकागो, सॅन दिएगो. झपाट्याने.]

लॅटिनो म्हटलं की सगळे एक, असंही नाही. या चार शहरांतल्या 16,415 लॅटिनोंची 2008 ते 2011 मध्ये तपासणी झाली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत मधुमेह दहा टक्के, मेक्सिकन वंशाच्यांत अठरा. ब्राँक्समधल्या, डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेल्या घरात सकाळी कुस्करलेली कच्ची केळी असतात, तिथे तोर्तियावरचं व्याख्यान काय कामाचं?

[दृश्य : पुन्हा रविवारचं टेबल.]

आजीच्या सोबतीला वर्गाला तिचा धाकटा मुलगा येतो. ट्रक चालवतो, कमी बोलतो. वर्गात त्याला एकच काम दिलंय : आईला सगळ्यांसोबत टेबलावर बसवायचं. स्वतःचं ताट, स्वतःचं वाढून घेतलेलं. मग किती खाल्लं ते मोजता तरी येईल.

आज तो उठतो. खुर्ची मागे ओढतो. "मामा, सिएन्तेसे." आई, बस.

ती हात पुसते. बसते. ताटात नोपाल, थोडी बीन्स, मक्याच्या दोन तोर्तिया. टेबल क्षणभर गप्प होतं. थोरला मैद्याच्या तोर्तिया शोधतोय, त्याला कुणी उत्तर देत नाही.

पहिला घास. दुसरा.

मग कुणीतरी साल्सा मागतं, आणि ती उठते.