धबधबा बंद, गर्दी चालू

(बेळगावातल्या एका वाचनालयात पावसाळ्याच्या तोंडावर झालेलं बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं आवरलंय, बाकी जसं बोललं गेलं तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मागं उभं राहू नका, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, पुढे बसलं म्हणून कोण प्रश्न विचारत नाही.

विषय माहीतच आहे तुम्हाला. दरवर्षी जुलै लागला की आपल्या पेपरात दोन बातम्या येतात, एक म्हणजे जांबोटी-कणकुंबी भागातले धबधबे ओसंडून वाहतायत, सोबत मोठा रंगीत फोटो, आणि त्याच पानावर खाली चौकटीत दुसरी, की धबधब्यांवर जायला मनाई, फॉरेस्ट खात्याचा इशारा. आपण फोटो बघतो, गाडीत पेट्रोल टाकतो आणि निघतो. चौकट वाचायला वेळ कुणाला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना चहाला जाता येईल. तिकिटाला माझी हरकत नाही. बंदीला आहे, म्हणजे आत्ता जशी घालतात तशा बंदीला. आणि कारण पर्यावरणाचं वगैरे नंतर सांगतो, पहिलं कारण एकदम साधं आहे, बेळगावची रविवारची गर्दी एकच आहे आणि दारं तीन सरकारांची आहेत. एकानं दार लावलं की तीच माणसं तशीच्या तशी दुसऱ्याच्या दारात.

नकाशा डोळ्यासमोर आणा की. पिरनवाडीवरून चोर्ला रोडला लागलं की जांबोटी, कणकुंबी, तिथपर्यंत कर्नाटक, घाट उतरायला लागलात की गोवा. वेंगुर्ला रोडनं शिनोळी लागली की महाराष्ट्र, पुढे आंबोली. कोवाडच्या बाजूला किटवाड, तेही चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात, आणि बेळगावातून पाऊण तासात माणूस तिथं पोचतो. रेल्वेनं लोंढ्यावरून कॅसल रॉक आणि खाली दूधसागर. म्हणजे टिळकवाडीत सकाळी पोहे खाऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत कुठल्याही राज्यात भिजू शकतो, आणि ते तो भिजतोच.

२०२३ चा जुलै आठवा. सांगे तालुक्यात मैनापीच्या धबधब्यावर दोघं बुडाले आणि गोवा सरकारनं अभयारण्यातल्या सगळ्या धबधब्यांवर बंदी घातली. त्याच्या नंतरच्याच रविवारी दूधसागरला जायला ट्रेननं ही एवढी पोरं आली, त्यात आपल्या भागातली होतीच, त्यांना अडवलं, रुळावरनं चालणाऱ्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, व्हिडिओ सगळ्या देशानं बघितला. रुळावर चालणं गुन्हा आहेच, रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यापर्यंत कैद नाहीतर हजार रुपयापर्यंत दंड, त्याबद्दल वाद नाही. पण मला सांगा, उठाबशा काढून परत फिरलेली ती पोरं पुढच्या रविवारी घरात बसली असतील? गोव्यानं आदेश काढताना आंबोलीला कळवलं का, खानापूरच्या रेंजरला कळवलं का, की बाबांनो आमची गर्दी तुमच्याकडे येतेय? तिन्ही राज्यांचे साहेब निवडणुकीत दारूच्या गाड्या अडवायला एकत्र बसतात, चेकपोस्टची यादी करतात, मग पावसाळ्याच्या आधी एकदा धबधब्यासाठी बसायला काय होतं?

आता बंदीच्या वेळेचं बघा. बंदी जुलैत लागते कारण तेव्हा पाणी भीतीदायक दिसतं. किटवाडला आपल्या बेळगावच्या चार मुली बुडून गेल्या तो महिना कुठला होता? नोव्हेंबर, २०२२. पाऊस संपलेला, पाणी शांत, कोवळं ऊन, आणि बंदीचा मोसमच संपलेला. अशा वेळी कडेला दोर आणि ट्यूब घेऊन एक पोहणारा माणूस बसलेला असता तर, एवढंच मी म्हणतो, जास्त काही बोलत नाही, त्यांच्या घरचे लोक याच गावात राहतात.

आणि पाण्याची गंमत आपल्या जिल्ह्यात वेगळीच आहे. आमगाव, खानापूर तालुका, तिथं २०१० साली वर्षाचा पाऊस १०,००० मिलिमीटरच्या वर नोंदला गेला. आणि त्याच जिल्ह्यात गोकाकला गेलात तर पावसाची वाट बघणारी काळी जमीन. गोकाकच्या फॉल्सवर उभा असलेला माणूस वर बघतो, आभाळ कोरडं, म्हणतो काय होत नाही, चल पुढे जाऊन फोटो काढूया. पण ते पाणी तिथल्या आभाळातलं नाहीच की. घटप्रभेचं पाणी हिडकलच्या धरणातनं सोडलेलं असतं, हिरण्यकेशी तर आंबोलीत उगम पावून आजरा-संकेश्वर करत येऊन तिला मिळते. आंबोलीला रात्री कोसळलं त्याचा हिशेब गोकाकच्या खडकावर नंतर लागतो. गोडचिनमलकीचंही तसंच, ती मार्कंडेय नदी, आपल्या राकसकोप धरणाचीच, जिचं पाणी तुमच्या नळाला येतं. म्हणून तिथल्या तिथं आभाळ बघून ठरवणाऱ्या माणसाला कायदा उपयोगाचा नाही, त्याला वरची बातमी सांगणारं कोणीतरी लागतं, "धरणातनं पाणी सोडलंय, दहा मिनिटांत बाहेर या" असं ओरडून सांगणारं. त्या माणसाचा पगार कुठनं येणार? तिकिटातनं.

इथं नेहमी एक जण उठतो आणि म्हणतो, निसर्ग देवानं दिलाय, त्याचं कसलं तिकीट. बरं. गोकाक फॉल्स ५२ मीटरचा, घोड्याच्या नालेसारखा, देवानंच दिलाय, पण १८८७ पासून त्याचं पाणी गिरणी चालवतंय, वरच्या अंगाला धुपदाळचा बंधारा आहे, त्याच्या वर हिडकल आहे, आणि ज्या झुलत्या पुलावर उभं राहून तुम्ही डीपी काढता तोही माणसानंच बांधलाय. फॉल्स कधी किती दिसणार हे ठरवणाऱ्यांत इरिगेशन खातंही आलं. म्हणजे देवाचं पाणी आपण कधीच वाटून घेतलंय, गिरणीनं घेतलं, उसानं घेतलं, फक्त बघायला येणाऱ्यानं गाडीमागे ५० रुपये द्यायचे म्हटलं की देव आठवतो.

(हशा)

पण तिकिटाच्या नावावर जे चालतं ते मी आंधळेपणानं चांगलं म्हणणार नाही. एका ठिकाणी, नाव घेत नाही, पार्किंगचे पैसे घेतले, पावती दिली, पावतीवर ना कुणाचा शिक्का ना तारीख, पुढे दोनशे पावलांवर दुसऱ्यानं परत अडवलं, तो म्हणाला ते पार्किंगचे, हे एंट्रीचे. खाली पाण्याजवळ गेलो तर कोणीच नाही. साधी दोरी नाही, शिट्टी नाही, बायकांना जायला संडास नाही. आपल्याकडे ट्रिपला आलेल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, माहिती आहे ना, का ते? सगळ्या हो म्हणतायत बघा. हा विषय कुठल्याच आदेशात येत नाही.

याचं मूळ काय, तर धबधबा फॉरेस्टचा, रस्ता पीडब्ल्यूडीचा, गाड्या लावायची मोकळी जागा ग्रामपंचायतीची नाहीतर कुणाच्या तरी शेताची आणि बुडालेला माणूस पोलिसांचा. पैसे घ्यायला तिघं हात पुढे करतात आणि बॉडी काढायला गावातलीच पट्टीची पोहणारी पोरं उतरतात, फुकट, आणि नंतर पंचनाम्यासाठी दिवसभर तीच पोरं ताटकळत उभी.

म्हणून तिकीट कोण फाडतो हा खरा प्रश्न आहे. साताऱ्याचं कास बघा. फुलांचं पठार, तिथंही एकेकाळी गाड्या फुलांवरनं जायच्या. मग आजूबाजूच्या गावांची समिती, वनखात्याबरोबर, ऑनलाइन बुकिंग, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आणि गेटवर, वाटेवर, पार्किंगला त्याच गावांतली पोरं-बायका कामाला. कटकटी तिथंही आहेत, सुट्टीच्या दिवशी भांडणं होतात. पण पैसा गावात दिसतो. आपल्याकडे कर्नाटकात १९९३ पासून गावच्या अरण्य समित्या आहेत की कागदावर, अभयारण्यात इको डेव्हलपमेंट कमिटी म्हणतात, म्हणजे नवीन काही शोधायचं नाहीये. आणि आकडा ठरवून माणसं सोडायची हेही आपल्या सरकारला येतं, २०२४ च्या जानेवारीत कुमार पर्वतावर एकदम हजारो लोक चढले, त्यानंतर राज्यातल्या ट्रेकना ऑनलाइन बुकिंग लावलं, एका ट्रेकला दिवसाला जास्तीत जास्त ३०० माणसं. मग तिकडे जमतं ते जांबोटीकडे का जमू नये? साधा हिशेब करा, समजा एका रविवारी ५०० गाड्या, ५० रुपयांनी २५,००० झाले. ७०० रुपये हजेरीनं चार पोरं बसवली तर २,८००. दोर, ट्यूब, दोन फिरते संडास, बाटल्या गोळा करायला टेम्पो, सगळं भागून उरतात. त्या फुटलेल्या बाटल्यांवर सोमवारी सकाळी गावातली म्हसरं पाय देतात, हे तुम्ही-आम्ही बघत नाही कारण सोमवारी आपण ऑफिसात असतो.

आता उलटी बाजू. काही जागा बंदच पाहिजेत, कायमच्या, आणि मी स्वतः तिथं कुणाला नेणार नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य, डिसेंबर २०११ ला जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर. त्यातल्या बारापेडी गुहेत जे वटवाघूळ आहे ते जगात अगदी मोजक्या ठिकाणी सापडतं, तिथं मोबाईलची टॉर्च घेऊन जाणाऱ्याला आत टाकलं तरी चालेल. वन्यजीव कायद्याचं कलम २७ तेच सांगतं, अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि २८ सांगतं परवाना कशासाठी देता येतो, कुठल्या अटींवर, फी घेऊन. म्हणजे तिकिटाची सोय कायद्यातच आहे. वज्रपोहा धबधब्यासारखी म्हादई नदीवरची जागा, कडा निसरडा, वाट जंगलातनं, तिथं गाईड घेऊन मोजकी माणसं सोडा, नाहीतर सोडू नका, पण जे ठरवाल ते बारा महिने सांभाळा, नुसतं जुलैत बोर्ड लावून आणि ऑगस्टात तो बोर्ड कुणीतरी चुलीला नेईपर्यंत नको. आणि म्हादईचा विषय निघालाय तर कळसा-भांडुराचं, म्हणजे म्हादईचं पाणी वळवायच्या योजनेचं, विचारू नका, आज तो विषय काढला तर हॉल रात्री दहालाही सुटणार नाही.

बोर्डाचं एक बारीक सांगतो. कोल्हापूरची पोरं येतात, गोव्याची येतात, हुबळीची येतात. खडकावर "इथे भोवरा आहे, माणसं बुडाली आहेत" हे कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत लिहा. यावर कुणाचा मोर्चा येणार नाही, आला तर मी उत्तर देतो.

राहिली गावं. गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, आमगाव, ही माणसं भीमगडच्या जंगलात आपल्या आधीपासून आहेत. २०२४ च्या जुलैत आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी डोली बांधून, खांद्यावरनं, भर पावसात जंगलातनं कित्येक किलोमीटर चालत आणलं, कारण गाडी जात नाही. तळेवाडीच्या लोकांना तर कुटुंबामागे १५ लाख देऊन बाहेर काढायचं ठरलं. त्यांच्यातल्या कुणाला विचारा, जंगल म्हणून आम्हाला रस्ता नाही, पूल नाही, मग रविवारी या शहरातल्या गाड्या जंगलाच्या तोंडापर्यंत गाणी लावून कशा येतात? मला उत्तर देता आलेलं नाही. त्यांना तुमच्या धबधब्यात रस नसतो, वाटेत गाडी आडवी लावलेली असली की दूध घेऊन बाहेर जाणाऱ्याचा वेळ जातो, त्याचा राग असतो. तिकीट गावानंच फाडावं म्हणतो ते यासाठी, गाडी कुठं लावायची हे सांगायचा हक्क त्याला मिळतो, आणि आज पाणी वाढलंय, परत जा, हेही तोच सांगू शकतो, साहेबाच्या सहीची वाट न बघता.

कोण विचारतंय? जरा मोठ्यानं... हां, तिकीट किती असावं. माणसामागे नको, गाडीमागे घ्या, मोजायला सोपं. गाडीला ५० म्हटलं ते कमीत कमी, सुट्टीच्या दिवशी १०० करा, दुचाकीला ३०, टेम्पो ट्रॅव्हलरला जास्त, कारण ते लोक जेवण घेऊन येतात आणि पत्रावळ्या टाकून जातात. संध्याकाळी पाचनंतर एकही गाडी आत नाही, पैसे दिले तरी नाही. गावातल्या माणसाला शून्य आणि त्याच्या घरी आलेल्या पाव्हण्यालाही शून्य. त्यामुळं जुलै महिन्यात गवाळीत एकदम सगळ्यांचेच पाव्हणे वाढतील ते वेगळं, पण निदान ते गावात कुणाच्या तरी घरी जेवतील.