टोटल लॉस पोलो, ट्रॅकसाठी

[दृश्य: वर्कशॉपच्या मागच्या आवारात उभी पांढरी पोलो. बंपर नाही, बॉनेट वाकलेलं, स्टिअरिंगवरून एअरबॅग लोंबतेय.]

ही फोक्सवॅगन पोलो चाकणच्या कारखान्यात बनली. १.० टीएसआय, तीन सिलिंडर, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर, ६ गिअरची मॅन्युअल. पोलोचं इथलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण पुण्याच्या रस्त्यांवर पोलो अजून उदंड आहेत. त्यामुळे ठोकलेल्याही मिळतात आणि त्यांचे पार्टही.

विमा कंपनीच्या लेखी ही गाडी संपली. आपल्याला मात्र ती रेस ट्रॅकवर पळवायला हवी आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की टोटल लॉस. म्हणजे आयडीव्ही ५ लाख असेल, तर इस्टिमेटने पावणेचार लाख ओलांडले की गाडी सॅल्व्हेजच्या, म्हणजे ठोकलेल्या-बुडालेल्या गाड्यांच्या, लिलावात.

[दृश्य: इस्टिमेटचा कागद, एकेका ओळीवर सरकणारं बोट.]

हे इस्टिमेट नीट वाचा. दोन एअरबॅग, प्रिटेन्शनरवाले (धडकेत आपोआप आवळणारे) बेल्ट, अख्खा डॅशबोर्ड, दोन्ही हेडलॅम्प, बंपर, पुढची काच, एसीचा कंडेन्सर, रेडिएटर, इंटरकूलर, डेंटिंग-पेंटिंग. आता यातून ट्रॅकच्या गाडीला काय लागतं ते वेगळं काढा. रेडिएटर, इंटरकूलर आणि काच. बाकीचं तुम्ही नाहीतरी उपटून टाकणार होता. ज्या गाडीच्या इस्टिमेटमधला मोठा आकडा तुम्हाला नको असलेल्या वस्तूंचा आहे, तीच गाडी घ्यायची. आकडा लहान असेल, पण ‘चेसिस लेग’, ‘ॲप्रन’, ‘पिलर’ असे सांगाड्याचे शब्द असतील, तर ती स्वस्तातही महाग.

जुनी १.२ जीटी, ७ गिअरच्या डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकची), बऱ्याचदा कमी बोलीत सुटते. मोह टाळा. तिचे क्लच कोरडे आहेत, ट्रॅकवर तापतात.

[दृश्य: गाडी चार स्टँडवर. खालून लोंबणारा ओळंबा.]

लिलावात गाडी ‘आहे तशी, आहे तिथे’ विकली जाते, म्हणून बोली लावण्याआधी मापं घ्यायची. त्याला बेंचची (वाकलेला सांगाडा ओढून सरळ करण्याच्या चौकटीची) गरज नाही. सपाट कोब्यावर गाडी चार स्टँडवर समपातळीत उभी करा. सब-फ्रेमच्या (इंजिनखालच्या चौकटीच्या) मागच्या दोन बोल्टांपासून आणि मागची चाकं जोडणाऱ्या बीमच्या दोन माउंटिंगपासून ओळंबा सोडा. टोक थांबेल तिथे जमिनीवर पेन्सिलची फुली. चारही फुल्या झाल्या की गाडी बाजूला घ्या आणि स्टीलच्या टेपने दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिलिमीटरच्या आत असेल तर शेल, म्हणजे सांगाडा, सरळ. त्याहून जास्त असेल तर बेंचवर ओढून घेण्याचा खर्च आधीच बोलीतून वजा करा. १० मिलिमीटर दिसले तर दुसरी गाडी बघा.

टेप लावण्याआधी डोळ्यांनीही बरंच कळतं. चेसिस लेगच्या (पुढे जाणाऱ्या सांगाड्याच्या दांड्यांच्या) पुढच्या भागात कारखान्यानेच खाचा ठेवलेल्या असतात. धडकेत तिथेच दुमडावं म्हणून. घडी तेवढ्यात थांबली असेल तर ठीक, फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत) गेली असेल तर नको. कार्पेट उचलून सीटखालचा पत्रा बघा, बी-पिलरच्या (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या) वर छताला सुरकुती आहे का बघा, स्पॉट वेल्डच्या रांगेत सीलंटला तडे गेलेत का तेही. बाजूने ठोकलेली गाडी असेल आणि डेंटर म्हणाला, ‘पिलर गरम करून काढून देतो’, तर नमस्कार करून निघा. त्या पिलरचं पोलाद मुळात उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेलं असतं. गॅस कटरची ज्योत लागली की तो कडकपणा गेला.

पुराच्या गाड्यांचं गणित वेगळं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकता नगरीत शिरलेलं मुठेचं पाणी. अशा पावसानंतर बुडालेल्या गाड्या लिलावात येतात. त्यांचा सांगाडा मात्र शाबूत असतो. पार्किंगमध्ये उभी असताना बुडालेली गाडी आणि पाण्यातून चालवत नेलेली गाडी, या दोन अगदी निराळ्या वस्तू. चालत्या इंजिनात पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. उभ्या गाडीत तो वाकत नाही, जोवर कुणी उत्साहाने स्टार्टर मारत नाही.

म्हणून आधी तिन्ही स्पार्क प्लग काढायचे आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. पाणी भोकांतून बाहेर येईल. मग प्रत्येक पिस्टन अगदी वर आणून प्लगच्या भोकातून डायल गेज लावा. तीन रीडिंग सारखी यायला हवीत. एखादा पिस्टन इतरांपेक्षा खाली थांबत असेल तर त्याचा रॉड वाकलाय. इंजिन बरं निघालं तरी वायरिंग हार्नेसवर भरवसा नको. कनेक्टरमधला हिरवा गंज पुसला तरी तारेच्या आतून पसरत जातो, आणि बिघाड होतो तो नेमका सेशनच्या मध्यावर. पुढून ठोकलेल्या दुसऱ्या पोलोचा अख्खा हार्नेस मिळत असेल, तरच पुराची गाडी घेण्यात अर्थ आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही गाडीबाबत सोडायची नाही: चावी, मीटरचा क्लस्टर आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) एकाच गाडीचे हवेत. इमोबिलायझर ही चोरी रोखणारी यंत्रणा या तिघांना एकमेकांशी बांधून ठेवते. पुण्याच्या नाना पेठेत पार्ट मिळतील, जुन्या बाजारात नशीब असेल तर आणखी काही, पण जुळलेली चावी तिथे विकत मिळत नाही.

[दृश्य: आरसीची प्रत, इंजिन बेतील चेसिस नंबर.]

आता कागद. आरसी रद्द झालेलं सॅल्व्हेज पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाही. फक्त ट्रॅकवर चालवायची असेल तर चालतं, उलट बोली कमी जाते. आरटीओचं रद्द झाल्याचं पत्र, विमा कंपनीचं विक्रीपत्र आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी, तिन्ही घ्या. आरसी जिवंत असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. तरीही आत केज (गाडी उलटली तर जीव वाचवणारा पाइपांचा पिंजरा) बसवून ती रस्त्यावर काढू नका: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतले असे बदल मान्य करत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. सॅल्व्हेज फक्त नंबरासाठी घ्यायचं आणि तो चोरीच्या गाडीवर चढवायचा, हा जुना धंदा आहे. चेसिस नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंगची रेघ किंवा ताजा रंग दिसला तर किंमत विचारूही नका.

गाडी आली की पहिल्यांदा बॅटरी काढून ठेवा आणि थोडा वेळ जाऊ द्या, मगच एअरबॅग आणि प्रिटेन्शनरला हात. न फुटलेला प्रिटेन्शनरही स्फोटकच असतो. मग सीट, कार्पेट, एसी, दरवाजांचे पॅड. गाडीच्या फ्लोअरला चिकटवलेल्या डांबराच्या शीट खरवडत बसलात तर आठवडा जाईल. त्यांवर ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पसरा, गार होऊन ठिसूळ झाल्या की हातोडीने ठोका, काचेसारख्या तडकतात. हातमोजे घाला आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ड्राय आइसचा वायू साचला तर गुदमरायला होतं.

[दृश्य: भोसरी एमआयडीसी. मँड्रेल बेंडरवर वळणारा पाइप.]

केजसाठी पाइप घेताना कारागीर ईआरडब्ल्यू दाखवेल, कारण तो रॅकवर असतो. त्यात उभी शिवण असते. हवा तो सीमलेस, कोल्ड ड्रॉन. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) नियमात मुख्य हूप, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची कमान, ४५ गुणिले २.५ किंवा ५० गुणिले २ मिलिमीटर. बाकीचे पाइप ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २. वळणावर पाइप चपटा झाला तर तो तुकडा बाद: तिथला लहान व्यास मोठ्या व्यासाच्या निदान ०.९ पट हवा. केजच्या पायांखालच्या प्लेट ३ मिलिमीटर जाडीच्या, मुख्य हूपला १२० चौरस सेंटिमीटर.

खरी फसगत छताजवळ होते. केज छताला इतका लागून असतो की वरच्या सांध्यांच्या माथ्यावर टॉर्च पोचत नाही, आणि अर्धवट वेल्ड झालेला सांधा खालून मात्र पूर्ण दिसतो. उपाय कष्टाचा आहे. हूपच्या पायांखाली फ्लोअरला भोकं पाडायची, टॅक केलेला (ठिपक्यांपुरता वेल्ड केलेला) केज त्यांतून खाली सोडायचा, माथ्याचे सगळे वेल्ड पुरे करायचे, मग केज वर उचलून खाली प्लेट बसवायच्या. ‘याची गरज नाही’ म्हणणाऱ्या कारागिराकडे केज करू नका. मागचे तिरपे पाइप जोडण्याआधी पेट्रोलची टाकी काढा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते. ईसीयूही सोडवून ठेवा.

सीटवर ८८५५-१९९९ आणि बेल्टवर ८८५३-२०१६ हे एफआयएचे शिक्के बघा, सोबत मुदतही. खांद्याचे पट्टे मागे जाताना ४५ अंशांहून जास्त खाली उतरले, तर धडकेत तेच मणक्यावर दाब देतात.

यांत्रिक कामात इंजिनखालच्या ऑइल चेंबरला चीर गेली नाही ना, हे आधी बघायचं. धडकेनंतर तेल सांडत असताना इंजिन चालू राहिलं असेल तर ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदात धातूचा चुरा शोधा. लोअर आर्म, बॉल जॉइंट, ठोकलेल्या बाजूचा शॉकअप आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) नवे टाका, वाकलेला नकल डोळ्याला दिसत नाही. मागे ड्रम आहेत, ते राहू द्या. पैसे पुढच्या पॅडवर आणि ब्रेक ऑइलवर खर्च करा. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू २३० अंश, पण ओल शोषलेल्या तेलाचा १५५. ट्रॅकवर दुसरा आकडा सहज गाठला जातो आणि पेडल जमिनीला टेकतं.

श्रीपेरंबुदूर किंवा कोइंबतूर, दोन्ही ट्रॅक पुण्याहून हजार किलोमीटरच्या पुढे. गाडी फ्लॅटबेडवर जाते, म्हणून निघण्याआधीच चाकांचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला कसा आणि सस्पेन्शनच्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढा. पहिल्या तीन-चार फेऱ्या सावकाश मारा, मग पिटमध्ये रेघा बघा. रेघ तुटली तर नट सैल झालाय. सगळ्या रेघा जुळत असूनही ठोकलेल्या बाजूच्या चाकाचा कॅम्बर (आत-बाहेर कल) बदलला असेल, तर शॉकअपच्या टॉवरचा पत्रा हलतोय. त्या दिवशी पुढची फेरी मारायची नाही.