काडेपेटीतली भुतं

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली की आमच्या परभणीच्या घरात आई आणि मी शहाबादी फरशीवर खडूनं सहा बाय सहा घरांचा पट आखतो आणि भुतं मांडतो.

खेळाचं मूळ नाव 'गाइस्टर', जर्मन भाषेत भुतं. अलेक्स रँडॉल्फ यांनी रचलेला हा खेळ १९८२ साली बाजारात आला. आमची भुतं मात्र घरचीच: सोळा रिकाम्या काडेपेट्या, आठ तिच्या, आठ माझ्या. आठांतल्या चार पेट्यांच्या पाठीला निळीचं बोट, चार पेट्यांना कुंकवाचं. पेटी उभी ठेवायची ती पाठ आपल्याकडे करून, म्हणजे रंग आपल्यालाच दिसतो. निळं भूत चांगलं, लाल वाईट. चाल एका घराची, उभी नाहीतर आडवी.

समोरच्याची चारही निळी मारली की डाव आपला. आपलं एखादं निळं त्याच्या कोपऱ्यातून पटाबाहेर पडलं तरी आपलाच. पण त्याची चारही लाल आपण मारून बसलो, तर डाव त्याचा! म्हणून लाल भूत मुद्दाम दाताखाली सरकवायचं असतं. बुद्धिबळात सगळी सोंगटी डोळ्यांसमोर असते, इथं समोरचा माणूस वाचावा लागतो. मला हा खेळ जिवापाड आवडतो तो यासाठीच. तोंडानं एक शब्द खोटा बोलावा लागत नाही, आणि तरी सगळी हूल.

परवाचीच गोष्ट. आईची तीन लाल मी मारली होती. तिची एक पेटी माझ्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली. पुढच्या चालीला ती बाहेर पडणार. माझी पेटी शेजारच्याच घरात. मारली आणि लाल निघाली तर हरले, सोडली आणि निळी असली तरी हरले. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती सुपात ज्वारी निवडत होती, खडा बाजूला टाकत होती, बोटं एकदाही थांबली नाहीत. मला वाटलं, एवढी निवांत आहे म्हणजे घाबरलेली आहे, लपवतेय.

मारली. पेटी फिरवली. कुंकू.

"तुला वाटलं मी भेले," सुपातून नजर न काढता आई म्हणाली, "मांड पुन्हा."