मामांची करंगळी

हा हात बघा, जरा जवळून बघा. ३५ वर्षं वीट, वाळू, सिमेंट. हे आमचे मामा, गवंडीकाम करतात, आणि फोन उघडायला अंगठा ठेवतात, पुसतात, परत ठेवतात, फोन थरथरतो, ठसा जुळत नाही.

आता ही हिरवट उजळलेली जागा बघा. बोट ठेवलं की स्क्रीन तेवढीच लख्ख पेटते, उजेड बोटावरून परत येतो आणि काचेखालचा बारका सेन्सर त्याचा फोटो काढतो. साइडच्या बटनात सेन्सर असेल तर तिथं उजेडाचा संबंध नाही, रेषेचा उंचवटा सेन्सरला टेकतो, मधली खाच जराशी लांब राहते, दोन्हीकडचा चार्ज वेगळा येतो आणि त्यातून बोटाचा नकाशा तयार होतो. पण ओलं सिमेंट चामडी खातं, उंचवटेच झिजले तर नकाशा कशाचा काढणार? रेशनच्या मशीनवर पण मामांचा अंगठा घेत नाही. यात त्यांची काय चूक आहे सांगा.

हे दुकान पुण्यातलं, पासोड्या विठोबाजवळचं. मामांच्या फोनचं पॉवर बटन बसलंय म्हणून आलोय. ही आतली पट्टी, आणि तिच्यावरचा हा टिकलीएवढा पत्र्याचा घुमट, दाबला की आत जातो, टक्, सोडला की वर. नुसती वेळ बघायची तरी हेच दाबायचं, दिवसातून शंभरदा, मग बसणारच ना तो कधीतरी.

पट्टी बदलून झाल्यावर दुकानातल्या दादाने सेटिंगमधून एक गोष्ट चालू करून दिली. काळ्या स्क्रीनवर दोनदा टकटक, फोन जागा. स्क्रीन बंद असली तरी टचची चिप अधूनमधून चाहूल घेत असते म्हणून हे जमतं. सोय काही आजची नाही, नोकियाच्या एन-९ मध्ये २०११ला होती, एलजीने २०१३ला जी-२ मध्ये दिली, त्याचं बटनच मागच्या बाजूला होतं. मग फोन पहिल्यांदा सुरू करतानाच हे मराठीत समोर का येत नाही? मामांना आज कळलं, तेही बटन गेलं म्हणून.

आता स्क्रीन उजेडात तिरकी धरलीये. हा तेलकट एल दिसतोय? तो मामांचा पॅटर्न. ९ ठिपके, कमीत कमी ४ जोडायचे, असे एकूण ३,८९,११२ पॅटर्न होतात, आणि मामांचा हा असा काचेवरच उमटलेला. दादाने नवा, जरा वळणाचा काढायला लावला आणि चारवेळा गिरवून घेतला, कारण फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा बोट चालतच नाही, पॅटर्नच लागतो. मागे एकदा पिन विसरले तेव्हा फोन रिसेट करावा लागला, नातीचे फोटो गेले.

"मामा, अंगठा राहू दे. डाव्या हाताची करंगळी द्या."

करंगळीला विटेचा मार कमी. धुतली, कोरडी केली, आणि एकच करंगळी दोनदा नोंदवली, एकदा सरळ, एकदा कडेने.

उघडला.

मामांनी स्क्रीन परत बंद केली. परत करंगळी ठेवली.